तेवीस वर्षांचे तारुण्य : छंद, देश आणि प्रेम

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात वक्तृत्वस्पर्धेच्या परीक्षकांत आमची योजना झाली होती. विषय होता 'सरदार भगतसिंग'. स्पर्धक एकामागून एक येत, मूठ वळून फाशीच्या दोराचे वर्णन करीत आणि टाळ्या घेऊन जात. स्पर्धा संपल्यावर एक महाविद्यालयीन मुलगी आमच्यापाशी आली. तिने भाषणात भाग घेतला नव्हता. ती म्हणाली, "काका, सगळ्यांनी ते कसे मेले ते सांगितलं. त्यांना आवडायचं काय, ते कोणी सांगितलंच नाही. तेवीस वर्षं ते जगले ना?"

आम्ही काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. घरी परतताना मात्र जाणवले की आम्हांस त्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नव्हते. शाळेपासून आम्ही भगतसिंगांची तसबीर पाहत आलो, तेवीस मार्चला हार घालत आलो. परंतु तसबिरीतील तरुणाशी आमचा परिचय नव्हता. त्यानंतर जमेल तसे वाचन केले. त्या वाचनातून जे हाती आले ते मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत. ती मुलगी आता शिक्षण संपवून दुसऱ्या गावी गेली आहे. तिला द्यावयाचे राहिलेले उत्तर निदान तिच्या पाठच्या भावंडांस मिळावे, एवढाच हेतू.

भगतसिंगांचा जन्म सप्टेंबर १९०७ मधला, तत्कालीन लायलपूर जिल्ह्यातील बंगा ह्या गावचा. घराणे देशकार्यात मुरलेले. आजोबा अर्जुनसिंग आर्यसमाजी. वडील किशनसिंग व चुलते अजितसिंग १९०७ सालच्या पंजाबातील शेतकरी चळवळीतील अग्रणी. त्याच वर्षी लाला लजपतराय व अजितसिंग ह्यांना सरकारने ब्रह्मदेशात मंडालेस नेऊन ठेवले. पुढल्याच वर्षी त्याच मंडालेची वाट लोकमान्यांना धरावी लागली. पंजाब आणि महाराष्ट्र ह्यांचे दुःख त्या काळी असे एकाच तुरुंगाच्या भिंतींना परिचित होते. दुसरे एक उदाहरण त्याहून हृदयस्पर्शी आहे. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात एकोणीस वर्षांचा कर्तारसिंग सराभा फासावर गेला, तेव्हा त्याच्याबरोबर पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे हाही होता. कर्तारसिंगाचे छायाचित्र भगतसिंग सदैव जवळ बाळगीत. त्या दिवशी भगतसिंगांचे वय आठ वर्षांचे होते.

अशा घरातील मुलाला छंद कोणते असावेत? पहिला आणि शेवटपर्यंत न सुटलेला छंद वाचनाचा. असहकाराच्या दिवसांत त्यांनी डी. ए. व्ही. शाळा सोडली आणि लजपतरायांनी स्थापिलेल्या लाहोरच्या नॅशनल कॉलेजात प्रवेश घेतला. लाहोरचे द्वारकादास ग्रंथालय हे त्यांचे दुसरे घर झाले. इटली, आयर्लंड व रशिया येथील क्रांत्यांचे इतिहास, चरित्रे, कादंबऱ्या, अर्थशास्त्र, जे मिळेल ते वाचून काढावे आणि मित्रांशी त्यावर वाद घालावा, हा नित्यक्रम. परंतु पुस्तकांत डोके खुपसून बसणारा हा विद्यार्थी नव्हता. कॉलेजच्या नाट्यमंडळात तो उत्साहाने काम करी. 'महाराणा प्रताप', 'सम्राट चंद्रगुप्त', 'भारत दुर्दशा' ह्या नाटकांत त्याने भूमिका केल्याची नोंद आहे. गळा गोड होता, गाण्याची आवड होती. चित्रपटांचे तर वेडच. चार्ली चॅप्लिन हा विशेष आवडता. खिशात जेवणापुरते पैसे असताना ते चित्रपटाच्या तिकिटावर घालविण्यास मित्रांना कसे राजी केले जाई, ह्याच्या आठवणी सहकाऱ्यांनी मागाहून हसत हसत सांगितल्या आहेत.

येथे एका छंदाचा उल्लेख आम्हां परप्रांतस्थ मराठी माणसांस विशेष जवळचा वाटेल. तो छंद भाषांचा. भगतसिंगांना पंजाबी, उर्दू, हिंदी व इंग्रजी चांगल्या येत. शाळेत त्यांनी संस्कृत घेतले होते. बटुकेश्वर दत्तांच्या सहवासात थोडी बंगालीही ते शिकले. १९२४ च्या सुमारास पंजाबातील हिंदी साहित्य संमेलनाने पंजाबची भाषा व लिपी ह्या प्रश्नावर निबंधस्पर्धा ठेवली होती. भगतसिंगांच्या निबंधास पन्नास रुपयांचे पारितोषिक मिळाले. तो निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १९३३ साली, प्रसिद्ध झाला. ज्या समाजाचे वाङ्मय मागासलेले, तो समाज जागा होऊ शकत नाही, हा त्याचा मध्यवर्ती विचार. गॅरिबाल्डीला सैन्य उभे करता आले, कारण मॅझिनीने त्याआधी तीस वर्षे मनांची मशागत केली होती, असा दाखला तो देतो. आयरिश देशभक्तांनी आपल्या गेलिक भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी चालविलेल्या धडपडीकडे तो बोट दाखवितो. लेखकाचे वय सतरा. लिपीसंबंधीचे त्याचे सारे निष्कर्ष आज सर्वांस पटतील असे नव्हे. परंतु ह्या वयात भाषेचा प्रश्न हा देशाचा प्रश्न आहे, हे ज्याने ओळखले, त्याचे कौतुक परमुलखात मराठी ग्रंथालय चालविणाऱ्या मंडळाने करावयाचे नाही तर कोणी करावयाचे?

मॅझिनीचे नाव आले आहे ते वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे. हा इटालियन देशभक्त त्या पिढीचा मानसगुरू होता. लजपतरायांनी त्याचे चरित्र उर्दूत लिहिले होते. लंडनमध्ये असताना सावरकरांनी मॅझिनीचे आत्मचरित्र मराठीत आणले आणि १९०७ साली महाराष्ट्रात त्याचे प्रकाशन झाले. सरकारने लवकरच ते जप्त केले. नाशिकचा तरुण आणि लाहोरचा तरुण एकाच माणसाविषयी आपापल्या भाषेत वाचीत होते.

आता देशाकडे वळू. १९२३ च्या सुमारास घरी भगतसिंगांच्या लग्नाचा विषय निघाला. आजीची इच्छा, वडिलांची संमती, सारे जुळून आले होते. नवऱ्या मुलाने मात्र वडिलांस एक पत्र लिहून ठेवले आणि घर सोडले. आपल्या मुंजीच्या वेळी आजोबांनी हा मुलगा देशसेवेला वाहिला असल्याचे जाहीर केले होते, त्या वचनाची त्याने वडिलांना आठवण करून दिली आणि क्षमा मागितली. तो कानपुरास गेला. तेथे गणेश शंकर विद्यार्थी ह्यांच्या 'प्रताप' पत्रात 'बलवंतसिंग' ह्या नावाने काम करू लागला. पुढे आजी आजारी पडली, लग्नाचा विषय काढणार नाही असे आश्वासन घरून मिळाले, तेव्हाच तो परतला.

ह्या प्रसंगावरून पुष्कळांनी असा निष्कर्ष काढला आहे की देशासाठी त्यांनी प्रेमास कायमची रजा दिली. आम्हीही असेच समजत होतो. परंतु ह्याच काळात, नोव्हेंबर १९२४ मध्ये, कलकत्त्याच्या 'मतवाला' साप्ताहिकात त्यांनी जो लेख लिहिला त्याचे शीर्षक होते 'विश्वप्रेम'. अवघे जग एक कुटुंब मानावयाचे असेल, तर प्रथम जगातील गुलामी व विषमता नाहीशी झाली पाहिजे. गुलामाने विश्वबंधुत्वाची भाषा बोलणे व्यर्थ आहे, असा त्या लेखाचा रोख. म्हणजे प्रेम नाकारून हा तरुण देशाकडे गेलेला नाही. प्रेमाला जगात जागा व्हावी म्हणून तो देशाच्या स्वातंत्र्याकडे गेला आहे. पुढल्या वर्षी त्याच पत्रात 'युवक' ह्या शीर्षकाचा लेख आला. त्यात तारुण्याची थोरवी व तारुण्याचा धोका अशी दोन्ही अंगे आहेत. १९२८ साली 'किरती' ह्या पंजाबी मासिकातील त्यांच्या लेखांचे विषय पाहावेत: अस्पृश्यतेचा प्रश्न, जातीय दंगली व त्यांवरील उपाय, विद्यार्थी आणि राजकारण. शेवटच्या लेखात ते विद्यार्थ्यांस अभ्यास सोडा असे सांगत नाहीत. अभ्यास करा, पण देशाच्या स्थितीचा विचार हाही शिक्षणाचाच भाग समजा, असे सांगतात. त्यांच्या मनातील देश हा नकाशा नव्हता. ती माणसे होती, आणि त्यांतील खालच्या पायरीवरची माणसे आधी.

ह्यापुढील घटना सर्वश्रुत आहेत. सप्टेंबर १९२८ मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्याच्या भग्नावशेषांत क्रांतिकारकांची बैठक झाली आणि संघटनेच्या नावात 'समाजवादी' शब्द आला. १७ नोव्हेंबर १९२८ रोजी लजपतरायांचे निधन झाले. सायमन कमिशनविरोधी निदर्शनात त्यांच्यावर झालेल्या लाठीमाराचा सूड घेण्यासाठी १७ डिसेंबरला लाहोरात पोलिस अधिकारी साँडर्स ह्याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. लक्ष्य होता स्कॉट नावाचा वरिष्ठ अधिकारी. मारला गेला साँडर्स, तोही तरुणच. आणि पाठलाग करणारा चननसिंग हा हिंदी शिपाईही प्राणांस मुकला. इतिहास लिहिताना ह्या गोष्टी झाकून ठेवू नयेत असे आमचे मत आहे. खुद्द त्या तरुणांनीही आपल्या पत्रकात माणसाचे रक्त सांडावे लागल्याबद्दल खेद व्यक्त केला होता.

लाहोरातून निसटताना भगतसिंग साहेबी पोशाखात होते, दुर्गाभाभी लहानग्या मुलाला घेऊन त्यांची पत्नी म्हणून बसल्या होत्या आणि त्यांचा नोकर बनून गाडीत चढला होता एक मराठी तरुण. त्याच्याविषयी चार शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही.

शिवराम हरी राजगुरू हे भीमाकाठच्या खेडचे. २४ ऑगस्ट १९०८ हा त्यांचा जन्मदिवस. वडील लहानपणीच वारले. किशोरवयात घर सोडून ते काशीस पोहोचले व संस्कृत शिकू लागले. शरीर कमावलेले, नेमबाजी उत्तम आणि झोप अशी की कोठेही, कशाही अवस्थेत लागावी. सहकारी ह्या झोपेची थट्टा करीत. असेंब्लीत बाँब टाकण्यासाठी आपली निवड व्हावी म्हणून राजगुरू हटून बसले, तेव्हा चंद्रशेखर आझादांनी अडचण सांगितली: पकडल्यावर न्यायालयात इंग्रजीतून निवेदन करावयाचे आहे, ते तुला कसे जमेल? राजगुरूंनी उत्तर दिले की निवेदन लिहून द्या, मी पाठ करतो. संस्कृत व्याकरणाची लघुकौमुदी ज्याने पाठ केली त्याला हे काय अवघड! शिव वर्मांनी 'संस्मृतियाँ' ह्या पुस्तकात हा प्रसंग सांगितला आहे.

त्याच आठवणींतील दुसरा प्रसंग आमच्या विषयाच्या गाभ्याशी जाऊन भिडतो. आग्र्याच्या गुप्त घरात राजगुरूंनी एक दिनदर्शिका आणून भिंतीवर लावली. तिच्यावर एका सुंदर स्त्रीचे चित्र होते. आझाद आले, त्यांनी चित्र पाहिले आणि फाडून टाकले; क्रांतिकारकाच्या घरात असल्या मोहाला जागा नाही, ही त्यांची भूमिका. राजगुरू परतले तेव्हा त्यांनी जाब विचारला. चित्र सुंदर होते म्हणून फाडले काय? मग ताजमहालही पाडणार काय? आझादही तावात होते, जमल्यास तोही पाडू म्हणाले. तेव्हा राजगुरू शांतपणे बोलले, त्याचा आशय असा: आपण जग सुंदर करावयास निघालो आहोत, सुंदर वस्तू नष्ट करीत ते कसे होणार? आझाद विरघळले. आपला राग चित्रावर नव्हता, मने विचलित होऊ नयेत ह्याची ती काळजी होती, असे त्यांनी सांगितले.

वाचकहो, ह्या दोघांत चूक कोण? आझादांच्या डोक्यावर सगळ्या संघटनेच्या प्राणांची जोखीम होती. घरोघरच्या वडीलधाऱ्यांची भूमिका हीच असते. आम्हीही आमच्या मुलांच्या खोल्यांतील चित्रांकडे, वाद्यांकडे, खेळांच्या साहित्याकडे कित्येकदा आझादांच्याच नजरेने पाहिले आहे. ती नजर प्रेमाची असते, हे खरे; परंतु खेडच्या त्या विशीतल्या तरुणाने दिलेले उत्तरही खोटे ठरत नाही.

हाच वाद अधिक तीव्र स्वरूपात भगतसिंग आणि सुखदेव ह्या जिवलग मित्रांमध्ये झाला. असेंब्लीत बाँब टाकण्यास प्रथम भगतसिंगांस पाठवावयाचे नाही असे ठरले होते; साँडर्सप्रकरणी पोलिस त्यांच्या मागावर असल्याने पकडले गेल्यास फाशी निश्चित होती. त्या बैठकीस सुखदेव नव्हते. निर्णय कळताच ते संतापून आले आणि त्यांनी मित्रास वर्मी लागेल असे बोलून घेतले: तुला आता मरणाची भीती वाटते, तू एका स्त्रीच्या पाशात गुंतला आहेस. भगतसिंग ह्या आरोपाने घायाळ झाले. त्यांनी पुन्हा बैठक घ्यावयास लावली आणि स्वतःची निवड करून घेतली. दिल्ली सोडून परतलेल्या सुखदेवांचे डोळे रडून सुजले होते, असे सहकाऱ्यांनी सांगितले आहे. मित्राला मृत्यूच्या दारी आपणच लोटले, हे त्यांना कळत होते. आणि ते काम त्याच्याइतके चांगले दुसरा कोणी करू शकणार नाही, हेही कळत होते.

एप्रिल १९२९ च्या आरंभी, बाँब टाकण्याच्या अवघे काही दिवस आधी, भगतसिंगांनी सुखदेवांना पत्र लिहिले. पुढे सुखदेव पकडले गेले तेव्हा हे पत्र पोलिसांच्या हाती लागले आणि खटल्याच्या कागदपत्रांत दाखल झाले. पुरावा म्हणून जप्त झाल्यामुळेच ते आपल्यापर्यंत पोहोचले, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल. खाजगी पत्र जप्त होऊन सर्वांच्या नजरेस यावे, ह्यात एक प्रकारचा अन्यायही आहे. परंतु त्यात लाजण्यासारखे एक अक्षर नाही.

पत्राचा सारांश आम्ही आमच्या शब्दांत देतो. आपल्या मनात आशा-आकांक्षा आहेत, जीवनाचे रंग आपल्याला मोहवितात, हे भगतसिंग प्रथमच सांगून टाकतात; मात्र वेळ येताच ह्या सर्वांचा त्याग आपण करू शकतो आणि खरा त्याग तोच. मग ते सुखदेवांच्या एका प्रश्नाकडे वळतात. प्रेमाने कधी कोणाला मदत केली आहे काय, असा तो प्रश्न. उत्तरादाखल ते मॅझिनीचे नाव घेतात. पहिला उठाव फसल्यावर, मेलेल्या सोबत्यांच्या आठवणीने मॅझिनी वेडा झाला असता किंवा त्याने जीव दिला असता. परंतु त्याच्या प्रिय स्त्रीचे एक पत्र आले आणि तो पुन्हा उभा राहिला. प्रेम ही एक भावना आहे, परंतु ती पशूची नव्हे, माणसाची भावना आहे. ती माणसाला उंच नेते, खाली ओढीत नाही. मात्र ते प्रेम खरे असले पाहिजे, आणि खरे प्रेम ठरवून निर्माण करता येत नाही, ते आपसूक येते. शेवटी ते हेही जोडतात की माणसाच्या ठायी प्रेम खोल असावे, परंतु ते एकाच व्यक्तीपाशी थांबू नये, सर्वांपर्यंत पसरावे.

पाच वर्षांपूर्वीच्या निबंधातील मॅझिनी वाङ्मयाची थोरवी सांगण्यासाठी आला होता. आता तोच प्रेमाची थोरवी सांगण्यासाठी आला. मधल्या काळात पुस्तकातील वीरपुरुषाच्या जागी त्यांना एक माणूस दिसू लागला होता. आमच्या मते तारुण्य खऱ्या अर्थाने प्रौढ होते ते हेच.

भगतसिंगांच्या मनात त्या वेळी कोणी स्त्री होती काय, असा प्रश्न कुतूहलाने विचारला जातो. पत्रात नाव नाही. आपणही ते शोधत बसू नये. परंतु सुखदेवांच्या प्रश्नाचे जिवंत उत्तर त्यांच्या भोवतीच होते. दुर्गाभाभी आणि त्यांचे पती भगवतीचरण व्होरा हे दोघेही ह्या कार्यात होते. २८ मे १९३० रोजी, भगतसिंगांना तुरुंगातून सोडविण्याच्या बेतासाठी तयार केलेल्या बाँबची चाचणी घेताना रावीकाठी भगवतीचरण मरण पावले. दुर्गाभाभी खचल्या नाहीत. कार्य पुढे चालू राहिले. पुढील आयुष्यात त्यांनी लखनौत लहान मुलांची शाळा चालविली. १९९९ साली त्यांचे निधन झाले. त्या संसारात प्रेमाने देशाचे काम अडले नाही, आणि देशाच्या कामाने प्रेम आटले नाही.

८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग व बटुकेश्वर दत्त ह्यांनी दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात बाँब टाकले आणि पळून न जाता स्वतःस पकडवून घेतले. ज्या वास्तूत ते घडले, ती नंतर आपले संसद भवन झाली व २०२३ पासून 'संविधान सदन' म्हणून ओळखली जाते. त्याच्या काही दिवस आधी दिल्लीतील काश्मिरी गेट येथे त्यांनी स्वतःचे छायाचित्र काढून घेतले होते. टोपी तिरकी ठेवलेला जो चेहरा घरोघरी आहे, तो हाच. नीट पाहिले तर त्या चेहऱ्यावर मरणाची छाया नाही. चांगला फोटो यावा म्हणून नीटनेटका होऊन बसलेला एक तरुण तेथे आहे.

तुरुंगात वाचनाचा छंद अधिकच बळावला. राजबंद्यांस माणुसकीची वागणूक मिळावी म्हणून त्यांनी दीर्घ उपोषण केले, त्याच लढ्यात जतींद्रनाथ दास त्रेसष्टाव्या दिवशी, १३ सप्टेंबर १९२९ रोजी, प्राणांस मुकले. पुस्तके व वृत्तपत्रे मिळावीत, हीही त्या लढ्यातील एक मागणी होती. जतींद्रनाथांच्या मृत्यूच्या आदल्या दिवशीची तारीख भगतसिंगांच्या एका वहीवर सहीसह आढळते. ४०४ पृष्ठांची ही वही १९९४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्यात मार्क्स, एंगल्स आणि टॉमस पेन आहेत. पण त्यांच्याबरोबर ह्युगो, डोस्टोव्हस्की, वर्ड्‌स्वर्थ, बायरन, व्हिटमन, उमर खय्याम आणि रवींद्रनाथही आहेत. राज्यशास्त्राच्या उताऱ्यांशेजारी कविता. जुलै १९३० मध्ये बालमित्र जयदेव ह्यास त्यांनी पुस्तकांची यादी धाडली. तीत रसेल आहेत, क्रोपॉट्किन आहेत आणि अप्टन सिंक्लेअरची कादंबरीही आहे. फाशीची शक्यता समोर असताना मनुष्य कादंबरी मागवितो, ह्यातच सर्व आले.

ह्याच तुरुंगात सुखदेव निराशेने ग्रासले गेले. जन्मठेपेचे दीर्घ आयुष्य कंठण्यापेक्षा स्वतःच जीवन संपवावे असे त्यांनी कळविले. भगतसिंगांनी त्यांना लिहिले की दुःखाला भिऊन असे करणे हा भ्याडपणा आहे. सोसून दाखविणे हे मरणाहून मोठे काम आहे. मॅझिनीला जसे एका पत्राने तारले, तसेच हे एक पत्र नव्हे काय? मित्राचा आरोप त्यांनी मनात ठेवला नाही. पुढे बटुकेश्वर दत्तांनाही त्यांनी असेच लिहिले: मी फासावर जाईन, तू जिवंत राहशील, क्रांतिकारक केवळ मरू शकत नाहीत, ते सोसूही शकतात, हे तू जगाला दाखव. दत्त पुढे १९६५ पर्यंत जगले.

७ ऑक्टोबर १९३० रोजी निकाल लागला. ३ मार्च १९३१ रोजी धाकटा भाऊ कुलतार ह्यास लिहिलेल्या पत्रात मोठ्या भावाने जे सांगितले ते कोणत्याही घरातील मोठा भाऊ सांगेल तेच: रडू नकोस, मन लावून शीक, प्रकृतीला जप. २३ मार्चच्या संध्याकाळी, ठरलेल्या वेळेच्या अकरा-बारा तास आधी, भगतसिंग, राजगुरू व सुखदेव ह्यांना लाहोरच्या तुरुंगात फाशी देण्यात आले आणि सतलजच्या काठी गुपचूप दहन उरकण्यात आले. प्रेमावरून भांडलेले दोन मित्र आणि सौंदर्यासाठी भांडलेला तिसरा, असे तिघे एकाच अग्नीत गेले. ती हुसैनीवालाची जागा फाळणीनंतर पाकिस्तानात गेली होती; १९६१ साली बारा गावांच्या मोबदल्यात ती भारताकडे आली. दत्तांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्यावरही तेथेच अंत्यसंस्कार झाले, आणि १९७५ साली भगतसिंगांच्या आईचेही.

आणखी एका मराठी कुटुंबाचा उल्लेख करून हे टिपण संपवितो. झाशीचे सदाशिवराव मलकापूरकर हे आझादांचे विश्वासू सहकारी. १९२९ साली भगवानदास माहौर ह्यांच्यासह ते भुसावळ स्थानकावर शस्त्रांसह पकडले गेले आणि त्यांनी दीर्घ कारावास भोगला. सुटल्यावर त्यांनी आझादांच्या निराधार वृद्ध आईला आपल्या झाशीच्या घरी आणले, तिला तीर्थयात्रा घडविली, आणि १९५१ साली ती वारली तेव्हा मुलाच्या नात्याने तिला अग्नी दिला. आझाद १९३१ सालीच अलाहाबादेत धारातीर्थी पडले होते. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या एका मराठी माणसाने परक्या आईला आपली आई केली. विश्वप्रेम ह्या मोठ्या शब्दाचा घरगुती अर्थ आम्हांस तरी ह्याहून चांगला सापडला नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आता आम्ही देऊ शकतो. त्यांना पुस्तके आवडत, गाणे आवडे, नाटक आवडे, चॅप्लिन आवडे. त्यांना मित्र आवडत आणि मित्रांशी भांडणे आवडे. त्यांना जगणे आवडे. ह्या सर्वांवर पाणी सोडताना त्यांनी ते सारे तुच्छ ठरविले नाही. जे मोलाचे तेच त्यांनी दिले. आमच्या मुलांनी त्यांच्यासारखे मरावे असा प्रसंग आता नाही, आणि तो पुन्हा न येवो. परंतु त्यांच्यासारखे वाचावे, गावे, वाद घालावा, प्रेम करावे आणि त्या प्रेमाचा परीघ आपल्या उंबरठ्याबाहेर न्यावा, हे कोणालाही जमण्यासारखे आहे. पुढील गणेशोत्सवात वक्तृत्वस्पर्धेचा विषय पुन्हा तोच ठेवावा, अशी आमची मंडळाच्या कार्यकारिणीस विनंती आहे. फक्त त्यास एक अट जोडावी: भाषण २३ मार्चपाशी सुरू करू नये.